कोणाचे हत्यार, कोणाचा ठसा

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ताडपत्रीवर पाने, पकडी, कानशी, रंध्याची पाती, मुठी गेलेल्या पटाश्या आणि दात झिजलेल्या करवती यांचे ढीग पडलेले असतात. बहुतेकांचे लक्ष हत्याराच्या धारेकडे आणि किमतीकडे असते. काही मोजकी गिऱ्हाइके मात्र हत्यार उचलून आधी उजेडाकडे तिरके धरतात, दांड्यावर अंगठा घासतात आणि गंजाखाली अक्षरे लागतात का ते चाचपतात. त्यांना हवा असतो तो बनवणाऱ्याचा ठसा. कधी तो कारखान्याच्या पूर्ण नावाचा असतो, कधी एखाद्या चिन्हाचा, तर कधी नुसत्या दोन अक्षरांचा. तेवढ्यावरून ते हत्यार कुठल्या देशात, साधारण कोणत्या काळात आणि कोणासाठी घडले हे बऱ्याचदा सांगता येते. या बाजारातल्या ठशांमधून गेल्या दीडशे वर्षांतल्या पुण्याचा एक वेगळाच इतिहास वाचता येतो. तो वाड्यांच्या आणि दप्तरांच्या इतिहासाइतकाच खरा आहे, आणि भंगाराच्या भट्टीत रोज थोडा थोडा वितळतो आहे.

पुण्यासारख्या लष्करी शहरात ओळखायला सर्वांत सोपा ठसा म्हणजे बाण. तीन रेघा वर एका टोकाला मिळतात आणि खाली फाकतात. ब्रिटिश सरकारच्या मालकीची ही खूण सतराव्या शतकाच्याही आधीपासून वापरात होती. असा माल बेकायदा बाळगणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा तिथल्या पार्लमेंटने १६९८ मध्येच केला होता. बाणाच्या दोन बाजूंना डब्ल्यू आणि डी ही अक्षरे असली तर तो माल वॉर डिपार्टमेंटचा. बाणाखाली आय असले तर तो हिंदुस्थान सरकारच्या लष्करी साठ्यातला. दुसऱ्या महायुद्धातल्या हत्यारांवर बाणाजवळ बहुधा वर्षही कोरलेले असते, त्यामुळे तारीख ठरवायला वेगळे डोके लढवावे लागत नाही.

१८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्याभोवती छावणी वसली. पुढे सॅपर्सची पलटण खडकीला आली. कुदळी, फावडी, टिकाव आणि पहारी हीच या पलटणीची रोजची हत्यारे. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि इथे पुण्याच्या वाट्याला एक अशी गोष्ट आली जी फार थोड्या पुणेकरांना ठाऊक आहे. या कारखान्यात तयार होणाऱ्या बंदुकीच्या काडतुसांच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरे आणि त्यांच्या मधोमध बाण असे. के म्हणजे किर्की, हे खडकीचे इंग्रजी रूप, आणि एफ म्हणजे फॅक्टरी. दोन्ही महायुद्धांत ही काडतुसे हिंदी पलटणींबरोबर दूरदूरच्या रणांगणांवर गेली, आणि जुनी काडतुसे जमवणारे जगभरचे संग्राहक आजही ही अक्षरे पाहताच खडकीचे नाव घेतात. कारागिरीचा किंवा कारखानदारीचा ठसा म्हणून पुण्याची सर्वांत लांब पोहोचलेली खूण कदाचित हीच असेल. ती शस्त्रांची आहे ही खंत आपल्या जागी, पण इतिहास लिहिताना ती वगळता येणार नाही.

बाणाचे आणखी एक रूप असते, आणि बाजारातल्या अनेक कोड्यांची किल्ली त्यात आहे. दोन बाण एकमेकांकडे टोके करून समोरासमोर उमटवलेले असले तर तो माल सरकारने रीतसर विकून टाकला आहे, असा त्याचा अर्थ. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकी फौजांचा प्रचंड साठा हिंदुस्थानात विक्रीला निघाला. त्या मालाला लोक सरसकट ‘डिस्पोजल’चा माल म्हणू लागले. गाड्यांच्या दुरुस्तीची दुकाने, लेथची छोटी वर्कशॉपे आणि सायकलवाले यांची पहिली चांगली हत्यारे अनेकदा या डिस्पोजलमधून आली. लढाईसाठी घडलेला पाना मग एखाद्या पेठेतल्या गॅरेजात पुढची तीस-चाळीस वर्षे राबला. त्याच्या दांड्यावरचे समोरासमोर टेकलेले दोन बाण म्हणजे त्या बदलाची पावतीच.

लष्कराच्या जोडीला रेल्वे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ जोडला गेल्यावर मुंबई-पुणे सलग गाडी धावू लागली. ती कंपनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. तिची जी. आय. पी. आर. ही अक्षरे कंदिलांवर, हातोड्यांवर, पहारींवर, पान्यांवर सापडतात. पुण्याहून मिरजेकडे जाणारा त्या वेळचा मीटर गेजचा मार्ग सदर्न मराठा रेल्वेचा. ही कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेत मिसळली आणि एम. अँड एस. एम. झाली. १९५१ मध्ये या साऱ्या कंपन्या मोडून सरकारी विभाग झाले, पुण्याचा मुख्य मार्ग मध्य रेल्वेकडे गेला आणि जुनी अक्षरे बंद पडली. त्यामुळे एम. अँड एस. एम. असा ठसा असलेला हातोडा १९०८ ते १९५१ या पट्ट्यातला, हे डोळे मिटून सांगता येते. मात्र एक सावधगिरी हवी. रेल्वेची अक्षरे मालकाची असतात, बनवणाऱ्याची नव्हेत. त्याच हातोड्याच्या दुसऱ्या गालावर घडवणाऱ्या कारखान्याचे नाव वेगळे, लहान अक्षरात असू शकते. नवखे लोक मोठी अक्षरे वाचतात आणि हत्यार उलटून बघायचे विसरतात.

मालकाची खूण, बनवणाऱ्याची खूण, विकणाऱ्याची खूण आणि वापरणाऱ्याची खूण या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच हत्यारावर चारही असू शकतात. त्या एकमेकींत मिसळल्या की सगळी ओळख फसते.

बनवणाऱ्याने आपल्या मालावर नाव का घालावे? हा प्रश्न साधा वाटतो, पण महाराष्ट्रातल्या हत्यारांचा इतिहास त्याच्या उत्तराभोवतीच फिरतो. गावगाड्यात सुतार आणि लोहार हे थोरल्या कासेचे बलुतेदार होते. नांगराचा फाळ शेवटून द्यायचा, कोयत्याला पाणी द्यायचे, मोटेचे लोखंडी सामान दुरुस्त करायचे, आणि त्या बदल्यात सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. विळा वाकला तर कोणाकडे जायचे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. लोहाराचे नाव विळ्यावर कोरण्याची गरजच नव्हती, कारण लोहार समोर उभा होता. पुण्यासारख्या शहरातही तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा अशी व्यवसायांची वस्तीच त्यांच्या मालाची हमी होती. आळी हीच ओळख.

ठशाची गरज पडते ती बनवणारा आणि विकत घेणारा एकमेकांना अनोळखी झाल्यावर. इंग्लंडात शेफील्डच्या चाकू-कात्रीवाल्यांची ‘कंपनी ऑफ कटलर्स’ १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. प्रत्येक कारागिराने आपली खूण तिच्याकडे नोंदवायची आणि दुसऱ्याची उचलायची नाही, हे तिचे एक मुख्य काम. जर्मनीतल्या झोलिंगन गावात पेटर हेंकेल्सने जुळ्या भावांची खूण १७३१ मध्ये नोंदवली आणि ती अजून चालू आहे. शेकडो मैल दूर कधीही न भेटणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचे होते, की या पात्याचा जिम्मा माझा.

मराठी मुलखाला अशा खुणांची ओळख हत्यारांआधी शस्त्रांमुळे झाली. युरोपातून आलेली सरळ पाती इथल्या मुठींना जोडून ‘फिरंग’ तयार होई. या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण सापडते. ती मुळात पासाऊ गावची, पण झोलिंगनच्या कारागिरांनी ती सर्रास उचलली. अंद्रेआ फेरारा या इटालियन नावाचेही तसेच झाले. ते नाव इतक्या पात्यांवर, इतक्या पिढ्या कोरले गेले, की ते एका माणसाचे उरले नाही. जिनोआच्या पात्यांवरची पापणीसारखी दातेरी कोर इथल्या शिकलगारांनी आणि लोहारांनी देशी पात्यांवरही ठोकली. म्हणजे ठसा वाचताना शंका घेण्याची सवय आपल्याकडे तीनशे वर्षे जुनी असायला हवी होती.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून पुण्यात जो हत्यारांचा माल आला त्यात शेफील्डचे वर्चस्व होते. त्यातही जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याचे नाव हिंदुस्थानात चाकू-कात्र्यांच्या दर्ज्याचे दुसरे नावच बनले. त्यांची खूण म्हणजे एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस. राजघराण्याला माल पुरवण्याचा मान असल्यामुळे पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना राजाची आद्याक्षरे असत. व्ही. आर. असेल तर राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतला, म्हणजे १९०१ पर्यंतचा माल. ई. आर. असेल तर बहुधा १९०१ ते १९१० मधला, आणि जी. आर. असेल तर बहुधा त्यानंतरचा. एवढ्या छोट्या तपशिलावरून आजोबांच्या वेळचा चाकू की पणजोबांच्या, हे ठरवता येते. करवतीत स्पिअर अँड जॅक्सन, रंधे आणि शिकंजे यांत रेकॉर्ड ही शेफील्डचीच नावे. रेकॉर्डचे लोखंडी रंधे १९३१ पासून निघू लागले, त्यामुळे रेकॉर्डचा रंधा ‘इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीचा’ म्हणून कोणी दाखवला तर विश्वास ठेवू नये.

कायद्यांनीही ठसे बदलले. इंग्लंडात १८८७ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आला आणि परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची पद्धत रुळली. जर्मन माल इंग्रजी नावाने खपवला जातो, ही तक्रार त्यामागे होती. हिंदुस्थानात तशाच नावाचा कायदा १८८९ मध्ये झाला. साधारण अंदाज म्हणून, हत्यारावर ‘मेड इन’ अशी अक्षरे असतील तर ते या कायद्यांनंतरचे समजावे. व्यापारी खुणा नोंदवण्याचा स्वतंत्र कायदा हिंदुस्थानात मात्र १९४० पर्यंत नव्हता. त्याआधी एखाद्याने आपली खूण आपली आहे असे जाहीर करून दस्त नोंदवावा आणि कोणी नक्कल केली तर कोर्टात भांडावे, एवढाच मार्ग. नक्कल करणाऱ्यांना हा काळ फार सोयीचा होता. नामांकित नावातले एक अक्षर बदलायचे, तारा आणि क्रॉस यांच्या जागी तारा आणि फूल ठोकायचे, आणि शेफील्ड हा शब्द मात्र ठळक ठेवायचा. अशा हत्यारांना आज काही जण खोटी म्हणून बाजूला टाकतात. तसे करू नये. ज्या नावाची नक्कल होते त्याला बाजारात किती मान होता, हे नकलेइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही.

अमेरिकी हत्यारे पुण्यात कमी, पण त्यांची ओळख पटवणे जास्त आनंदाचे, कारण तिथले कारखानदार तारखा मागे ठेवत. स्टॅन्ले कंपनीच्या लोखंडी रंध्यात पाते बसते त्या बैठकीमागे पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. १९०२ मधल्या दोन आणि १९१० मधली एक अशा तीन तारखा दिसल्या, की तो रंधा १९१० नंतरच्या काही वर्षांतला. पात्यावर हृदयाच्या आकारात एस. डब्ल्यू. ही अक्षरे असली तर पाते १९२० नंतरचे. स्टॅन्लेच्या रंध्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असले तर तो १९३६-३७ नंतरचा, कारण कंपनीने शेफील्डमधला कारखाना तेव्हा घेतला. फिलाडेल्फियाच्या डिस्टनच्या करवतीत मुठीवरच्या पितळी बिल्ल्याकडे बघावे. तिथे ‘अँड सन’ आहे की ‘अँड सन्स’, या एका अक्षरावर १८७१ च्या आधीचे की नंतरचे हे ठरते, कारण त्या वर्षी दुसरे मुलगेही भागीदार झाले.

ठसा नेमका कुठे शोधायचा हे हत्यारागणिक बदलते. कानशीचा ठसा दांड्याजवळच्या, दाते नसलेल्या भागावर असतो, कारण दाते पाडताना बाकी सगळे झाकून जाते. पटाशीचा मुठीखाली मानेजवळ. रंध्याच्या पात्याचा वरच्या टोकाला, चाप काढल्याशिवाय न दिसणारा. लाकडी रंध्याच्या पुढच्या तोंडावर बनवणाऱ्याचे नाव असते आणि त्याच्याच आसपास, बहुधा लहान अक्षरात, वापरणाऱ्याचे. पकडीचा कधी सांध्याच्या आतल्या बाजूला. करवतीच्या पानावरचा ठसा ठोकलेला नसतो, तेजाबाने उमटवलेला असतो, आणि तो सर्वांत नाजूक.

म्हणूनच जुने हत्यार हाती आल्यावर पहिला मोह आवरायचा तो चकचकीत करण्याचा. तारेचा ब्रश, ग्राइंडरचे चाक किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणे, यांतले काहीही केले की उथळ अक्षरे कायमची जातात. रॉकेल किंवा हलके तेल लावून रात्रभर ठेवावे, सकाळी फडक्याने पुसावे. करवतीच्या पानावर फार बारीक पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, तेल घालून, हळूहळू फिरवला तर तेजाबाची अक्षरे गंजाच्या काळसरपणात वर येतात, कारण ठोकळा खोलगट भागात शिरत नाही. ठोकलेल्या अक्षरांत खडूची पूड चोळावी, वरून पुसून घ्यावी आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकून फोटो काढावा. समोरून टाकलेल्या उजेडात जे काहीच दिसत नाही ते आडव्या उजेडात वाचता येते. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल चोळण्याची शाळकरी युक्तीही उत्तम चालते.

ओतीव अक्षरे आणि ठोकीव अक्षरे यांतला फरक आणखी एक गोष्ट सांगतो. ठोकीव अक्षर आत गेलेले असते आणि ते एकेका नगावर घालता येते. ओतीव अक्षर वर आलेले असते आणि त्यासाठी साचाच तसा करावा लागतो. ज्याने साच्यात नाव कोरले त्याने शेकडो नग काढायचे ठरवलेले असते. मराठी मुलखात हा निर्धार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो नांगरात.

त्याआधीची पार्श्वभूमी पुण्याचीच आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदा भरवल्या. या देशात लोखंड गाळण्याचे जे प्रयत्न झाले आणि फसले, त्यांवर त्यांनी १८९२ मध्ये एक सविस्तर निबंध वाचला. हत्यारे बाहेरून आणणारा देश कायम कच्चा माल विकत राहील, ही त्यांची चिंता होती. पुढे १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. कापड जाळता आले. शेफील्डची करवत मात्र सुताराच्या पेटीतच राहिली, कारण तिच्या तोडीची देशी करवत बाजारात नव्हती. स्वदेशीच्या इतिहासातला हा भाग कमी सांगितला जातो, आणि जुन्या पेट्यांतले ठसे तो बिनबोभाट सांगतात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवातीला नांगर खपेनात. लोखंडाने जमिनीला विषबाधा होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि घडवलेले नांगर दोन वर्षे पडून राहिले. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवण्यासाठी जुन्या तोफा दिल्या. तोफेचे लोखंड नांगरात गेले आणि नांगरावर एका मराठी माणसाचे नाव आले. गावच्या लोहाराने पिढ्यान्‌पिढ्या जे केले नव्हते ते या कारखान्याने केले, कारण त्याचे गिऱ्हाईक आता विदर्भात होते, खानदेशात होते, आणि ते लक्ष्मणरावांना कधीच भेटणार नव्हते. फाळ मोडला तर त्याच मापाचा नवा फाळ नावावरून मागवता आला पाहिजे, हे त्या नावामागचे व्यवहारी कारण. पुढे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही नांगर काढले. कुदळी-फावड्यांवर टाटा अ‍ॅग्रिको हा जमशेदपूरचा ठसा आला. शेतीच्या हत्यारांत स्वदेशी नाव अशा रीतीने सुताराच्या पेटीच्या आधी पोहोचले.

स्वातंत्र्यानंतरचे ठसे अनेकांना ‘जुने’ वाटत नाहीत. खरे तर तेच सर्वांत वेगाने नाहीसे होत आहेत, आणि पुण्याच्या औद्योगिक वाढीचा काळ त्यांतच आहे. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आले. साठच्या दशकात भोसरी, चिंचवड, मुंढवा, दापोडी या पट्ट्यात कारखाने वाढले आणि त्यांच्याबरोबर हत्यारेही. स्वीडनच्या सँडविकने दापोडीत कारखाना काढला. या कंपनीच्या करवतींवरची मासा आणि गळ ही खूण १८८६ पासूनची. पान्यांवर गेडोरे हे नाव दिसते. ते रेमशाइट इथल्या डोविडाट बंधूंच्या जर्मन कारखान्याचे, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गेडोरे पान्यांवर शेजारी इंडिया असे असते, म्हणजे ते फरिदाबादला सहकार्याने चाललेल्या कारखान्यातले. नाशिकच्या टपारियाचा कारखानाही स्वीडिश सहकार्यानेच सुरू झाला. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असेल तर हत्यार १९४९ ते १९९० मधले. आयएसआयचे चिन्ह असेल तर ते १९५५ नंतरचे, कारण प्रमाणपत्र देण्याची योजना तेव्हा सुरू झाली.

मापांवरूनही तारीख लागते. भारताने दशमान पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू केली. त्याआधीचे पाने इंचात, आणि त्यांत व्हिटवर्थ मापाचे पाने नवख्याला हमखास चकवतात. १/२ डब्ल्यू असा आकडा असलेल्या पान्याचे तोंड मोजले तर अर्धा इंच भरत नाही. ते ०.९२ इंच निघते, कारण आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. इंचाचा पाना आणि मिलिमीटरचा पाना एकाच पेटीत सापडले, तर त्या कारागिराने दशमान पद्धतीचा संक्रमणकाळ स्वतःच्या हातांनी काढला आहे.

एवढे सगळे वाचून झाले तरी बाजारातली निम्मी हत्यारे उरतातच, कारण त्यांच्यावर काहीच लिहिलेले नसते. ही हत्यारे इथल्या मातीतली. लोहाराचे वाकस, घिसाड्याचा कोयता, खुरपे, विळी, तांबटाचा हातोडा. घिसाडी कुटुंबे भाता आणि ऐरण घेऊन गावोगाव फिरत, रस्त्याकडेला भट्टी लावत आणि दुसऱ्या दिवशी पुढे जात. त्यांच्या मालावर नाव शोधून उपयोग नाही. इथे ठशाऐवजी घडण वाचावी लागते. पोलादाची धार मऊ लोखंडाला भट्टीत जोडली असेल तर सांध्याची बारीक रेघ दिसते. पात्याच्या पाठीवर कानशीच्या दात्यांची पुसट जाळी दिसली तर जुनी कानस तापवून, ठोकून ते पाते केलेले आहे. आणि त्या कानशीवर कधीकाळी शेफील्डचे नाव असणार. कोयता गाडीच्या कमानपाट्यातून काढला असेल तर त्याची जाडी आणि वळण तसे सांगते. बाहेरचा नामांकित माल झिजला की इथल्या बिननावी हातांनी तो नव्याने घडवला. पुण्याच्या हत्यारांचा इतिहास लिहायचा तर ही साखळी मधेच तोडून चालणार नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे अजून डोळ्यांनी पाहता येते. पेशवाईत कोकणातून आलेली तांबट कुटुंबे इथे वसली. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके पाडून केलेले मठारकाम ही त्यांची खासियत. ठोक्यामुळे पत्रा कठीण होतो आणि उजेडात चमकतो. मठाराचा हातोडा नीट गुळगुळीत नसेल तर त्याच्या तोंडावरचा ओरखडा भांड्यावर प्रत्येक ठोक्याबरोबर उमटत जातो. म्हणजे नाव न घालताही त्या हातोड्याची आणि त्या हाताची खूण भांड्यावर राहते. ती वाचायला मात्र त्या आळीतच वाढलेला डोळा लागतो. आज ही कामे करणारे थोडेच उरले आहेत, आणि कोणता हातोडा कोणी घडवला, कोणत्या लोहाराकडून घेतला, हे त्यांच्या आठवणीशिवाय कुठेही नोंदलेले नाही.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचा आणि अडकित्त्यांचा जो संग्रह आहे त्याचेही हेच. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले. मोराचे, पोपटाचे, घोड्याचे, जोडप्यांचे आकार घेतलेले अडकित्ते बघताना लोक सौंदर्यावर थांबतात. पण त्यांच्या बिजागरीकडे बघावे. पितळी मुठींत पोलादी पाते कसे बसवले आहे, खिळा कुठून ठोकला आहे, धार एका बाजूने दिली आहे की दोन्ही, यांवरून एकाच हाताचे किंवा एकाच गावचे अडकित्ते वेगळे काढता येतील. युरोपात नाव नसलेल्या चित्रांचे कर्ते अशाच पद्धतीने ओळखले गेले. आपल्याकडे अडकित्त्यांचे असे काम पुण्यात व्हायला हवे, कारण साहित्य इथे आहे.

उरतो तो वापरणाऱ्याचा ठसा, आणि तो मात्र मराठी हत्यारांवर मुबलक आहे. रंध्याच्या मागच्या बाजूला पटाशीने कोरलेले देवनागरी आद्याक्षर. हातोडीच्या दांड्याला दिलेल्या तीन खाचा. पान्यावर छिन्नीने पाडलेले ठिपके, कारण एका वर्कशॉपात दहा जणांचे पाने मिसळत. मुठीवर तांब्याच्या तारेचा वेढा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी लावलेले हळद-कुंकू ठोकीव अक्षरांच्या खोबणीत साचते आणि तेलाबरोबर वर्षानुवर्षे तिथेच घट्ट होते. शेफील्डच्या नावात बसलेले कुंकू खरवडून काढू नये. अक्षर वाचण्यापुरते ओल्या फडक्याने टिपावे, फोटो काढावा, आणि वहीत दोन ओळी लिहाव्यात: हत्यार कुठे मिळाले, कोणत्या पेटीतले होते, आणि विकणाऱ्याला आधीच्या कारागिराचे नाव माहीत असेल तर तेही.